मी दरवाज्यापाशी उभा आहे, हे स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं? सोय की एस्तोय?

मांडवीकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा. जन्म दांडिया बाजारातला, घर अजून तिथेच. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगवर २७ वर्षं झाली. वय ५४. गेल्या हिवाळ्यात कंपनीने पहिल्यांदा देशाबाहेर पाठवलं, स्पेनमध्ये सारागोसा शहराबाहेरच्या एका सबस्टेशनवर, सात आठवडे. आता पुन्हा जायचं आहे, आणि या वेळी जाण्याआधी मला एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

साइटला दोन दरवाजे होते, एक रस्त्याकडचा आणि एक मागचा. संध्याकाळी सहाला आम्हाला मुक्कामी नेणारी गाडी पुढच्या दरवाज्याशी यायची. एके दिवशी तेलाचे नमुने काढण्यात उशीर झाला आणि मी जवळचा म्हणून मागच्या दरवाज्याने बाहेर पडलो. ड्रायव्हरचा फोन आला, "दोंदे एस्तास?" कुठे आहेस, एवढं मला कळत होतं. मी म्हणालो, "सोय एन ला पुएर्ता." म्हणजे दरवाज्यापाशी आहे. तो काहीतरी बोलला, बहुतेक कुठला दरवाजा ते विचारत होता. 'मागचा' हा शब्द माझ्याकडे नव्हता. मग आपण फोनवर म्हणतो तसं "आलो, आलो" म्हणायला गेलो आणि "वेंगो, वेंगो" म्हणालो. त्यावर तो "दे दोंदे? दे दोंदे?" एवढंच विचारत राहिला. कुठून, कुठून.

तो पुढे थांबला, मी मागे. चाळीस मिनिटं. त्या भागात एब्रो नदीच्या खोऱ्यातून वायव्येचा वारा येतो, त्याला ते लोक 'थ्येर्थो' म्हणतात. हातातला फोन धरवेना. सहा वाजता तिकडे, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. रोज त्या वेळी मी गाडीत बसून घरी फोन करत असे. त्या दिवशी बायको जागी बसून राहिली.

ड्रायव्हर भला माणूस, त्याची काही चूक नव्हती. मला लागलं ते वेगळंच. बडोद्यात मला डोळे बांधून कुठेही सोडलं तरी नुसत्या वासावरून आणि आवाजावरून मी सांगेन की हे खंडेराव मार्केट आणि हे पाणीगेट. आणि तिथे दोन दरवाजांपैकी आपण कुठल्या दरवाज्याशी उभे आहोत हे मला सांगता आलं नाही.

परत आल्यावर फोनवरच्या ॲपवर शिकायला लागलो. त्यात सांगतात की 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं: सेर (त्याची रूपं सोय, एस) आणि एस्तार (त्याची रूपं एस्तोय, एस्ता). कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मी दरवाज्यापाशी तात्पुरता होतो, म्हणजे 'एस्तोय' हवं होतं. इथवर ठीक. पण मी तिथे वहीत लिहून ठेवलेली दोन वाक्यं या नियमात बसत नाहीत. फाउंडेशनवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, जो पुढची तीसेक वर्षं तिथून हलणार नाही, त्याच्याबद्दल तिथला इंजिनिअर म्हणाला होता, "एल त्रांसफोर्मादोर एस्ता आयी", ट्रान्सफॉर्मर तिथे आहे. आणि एक तासाच्या मीटिंगबद्दल म्हणाला, "ला र्रेउन्योन एस एन ला ओफिसीना", मीटिंग ऑफिसात आहे. कायमच्या वस्तूला एस्तार, तासाभराच्या मीटिंगला सेर. अगदी उलट! मी वही तीनदा तपासली, ऐकण्यात चूक नाही. हे कुणी समजावून सांगेल का?

---

लष्करचा विद्यार्थी (ग्वाल्हेर)

काका, मी ग्वाल्हेरला बी.कॉम. करतोय आणि दीड वर्षापासून स्पॅनिश शिकतोय. माझ्याही ॲपने कायमचं-तात्पुरतंच शिकवलं. पण आमचे ऑनलाइन सर म्हणतात की जागा सांगायची असली की तो नियम विसरा आणि सरळ एस्तार लावा. एस्तोय (मी आहे), एस्तास (तू आहेस), एस्ता (तो किंवा ती आहे, तुम्ही आहात), एस्तामोस (आम्ही आहोत), एस्तान (ते आहेत). घर, नदी, डोंगर, माणूस, चावी, सगळ्याला तेच. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं वाक्य त्यात बसतं. मीटिंगचं मात्र मलाही सांगता येणार नाही. कुणीतरी सांगा, मला मे महिन्यात परीक्षा द्यायची आहे.

---

रावपुऱ्याची

मांडवीकर दादा, तुमची वही बरोबर आहे आणि ॲप चुकीचं आहे. मी रावपुऱ्यातली. लग्नानंतर अकरा वर्षं वालेन्सियात होते, आता परत आले आहे आणि घरीच मुलामुलींना स्पॅनिश शिकवते. कायमचं-तात्पुरतं हा नियम मी कुणालाच शिकवत नाही, कारण पहिल्याच आठवड्यात तो फसवतो. बडोदा गावच घ्या. ते काय उद्या उठून जाणार आहे? तरी "बरोदा एस्ता एन ला इंदिया" असंच म्हणायचं.

एस्तार हा शब्द आला लॅटिन 'स्तारे'वरून, म्हणजे उभं राहणं. आपल्या संस्कृत 'स्था' धातूचं ते सख्खं भावंड. स्थान, स्थळ, स्थित हे शब्द मनात ठेवा. एखादी वस्तू किंवा माणूस कुठे 'स्थित' आहे, हे सांगायला एस्तार. किती वेळ, याच्याशी संबंध नाही. तीस वर्षांसाठी बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि चाळीस मिनिटं वाऱ्यात उभे राहिलेले तुम्ही, दोघंही एस्तारच. (जुन्या स्पॅनिशमध्ये जागेसाठी सेरही चालायचं, हळूहळू एस्तारने ते काम पूर्ण आपल्याकडे घेतलं. म्हणून जुनं काही वाचताना वेगळं दिसलं तर गोंधळू नका.)

आता मीटिंग. मीटिंग कुठे उभी नसते, ती होते, भरते, घडते. घडणाऱ्या गोष्टीची जागा सांगायची असेल तर सेर. ओळखायची युक्ती मराठीतच आहे. 'आहे' काढून तिथे 'होणार आहे' किंवा 'भरणार आहे' घालून बघा. "मीटिंग ऑफिसात आहे" म्हणजे ऑफिसात होणार आहे, चाललं. म्हणून 'एस'. "ट्रान्सफॉर्मर तिथे होणार आहे" असं कुणी म्हणत नाही. म्हणून 'एस्ता'. लग्नाला स्पॅनिशमध्ये बोदा म्हणतात, तर "ला बोदा एस एन बरोदा", लग्न बडोद्यात आहे. हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडात इतकं बसतं की नंतर चूक होत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण जेवणाचं. आपल्या 'जेवण' शब्दासारखाच त्यांचा 'कोमीदा' शब्द पदार्थांनाही लागतो आणि कार्यक्रमालाही. "रविवारी जेवण भावाकडे आहे": ला कोमीदा एस एन कासा दे मी एरमानो. इथे जेवण होणार आहे. "जेवण टेबलावर आहे": ला कोमीदा एस्ता एन ला मेसा. इथे भात-आमटी ठेवलेली आहे. शब्द तोच, क्रियापद बदललं. वालेन्सियात शेजारच्या आजींनी एकदा मला फोन करून पहिलं वाक्य सांगितलं होतं. मी दुसरं समजले आणि डबा घ्यायला गेले. तिथे वीस माणसं जेवायला बसली होती, माझी खुर्ची रिकामी ठेवलेली होती. त्या दिवसापासून हा फरक मी विसरले नाही.

आपल्या 'आहे' आणि 'असतो'चाही इथे उपयोग नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मराठी माणूस हमखास तिकडे वळतो. "मी रविवारी घरी असतो" यात सवय आहे, म्हणून सेर वाटेल. नाही. "लोस दोमिंगोस एस्तोय एन कासा." जागा आली की एस्तार. आणि 'एन कासा' म्हणताना मध्ये 'ला' नको, आपण 'घरी' म्हणतो तसंच ते.

दादा, तुमची दुसरी अडचण मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. "आलो, आलो." आपण समोरच्याकडे निघालो की 'येतो' म्हणतो, कारण आपण त्याच्या जागेवरून विचार करतो. स्पॅनिश माणूस स्वतः उभा आहे तिथूनच बघतो. तुम्ही त्याच्याकडे निघालात, म्हणजे आपल्या जागेपासून दूर चाललात, म्हणून 'वोय', जातो. "या वोय", निघालोच, आलोच. दाराची घंटा वाजली की घरातून ओरडायचं तेही "वोय!" तुम्ही 'वेंगो' म्हणालात तेव्हा त्याला ऐकू आलं की तुम्ही कुठूनतरी येत आहात, म्हणून तो बिचारा कुठून, कुठून विचारत होता.

हे तोंडात बसायला मला एक वर्ष लागलं. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, असं लहानपणापासून कानावर. तिथे निरोप घेताना "मे वोय" म्हणावं लागतं, सरळ 'मी जाते'. पहिले काही महिने माझी जीभ अडायची. मग मनातल्या मनात आधी 'येते' म्हणायचे आणि मोठ्याने 'मे वोय'.

दरवाज्याचे शब्द देते. मागचा दरवाजा: ला पुएर्ता दे आत्रास. पुढचा, मुख्य: ला पुएर्ता प्रिंसिपाल, तिथल्या उच्चारात प्रिंथिपाल. दरवाज्याच्या मागे: देत्रास दे ला पुएर्ता. 'मागचा दरवाजा' आणि 'दरवाज्याच्या मागे' यात मराठीत जो फरक आहे तोच तिथेही आहे, तेवढा जपा. समोर: एनफ्रेंते दे. शेजारी: आल लादो दे. खाली: देबाखो दे. 'एन' हा आपल्या '-त' आणि '-वर' दोघांचं काम करतो, खोक्यातही एन आणि खोक्यावरही एन. स्पष्टच करायचं असेल तर आत म्हणजे देंत्रो दे, वर म्हणजे एनथीमा दे.

आणि अंतर. इथे मराठी फार कामाला येते. "मी पाच मिनिटांवर आहे": एस्तोय आ सिंको मिनूतोस (सारागोसात थिंको). "मी पाच मिनिटांत पोचतो": येगो एन सिंको मिनूतोस. आपला '-वर' तिथे 'आ', आपला '-त' तिथे 'एन'. ड्रायव्हरशी बोलताना याची गरज रोज पडेल.

एवढं लांब लिहिलं, कारण तुमचं वाऱ्यातलं उभं राहणं वाचून गलबललं.

---

सांतियागोहून बडोदेकर

ताईंनी उत्तम सांगितलंय. मी चिलीमध्ये असतो, म्हणून तिकडचं थोडं सांगतो, कारण मांडवीकरांची कंपनी उद्या इकडेही पाठवू शकते.

पत्ता विचारताना इकडे "दोंदे केदा?" फार ऐकू येतं. इमारत, गाव, दुकान अशा हलत नसलेल्या जागांसाठीच ते. माणसाला नाही. "केदा लेखोस" म्हणजे लांब आहे, आपण 'लांब पडतं' म्हणतो अगदी त्या अर्थाने. आकी (इथे) आणि आयी (तिथे) यांच्याऐवजी इकडे आका आणि आया जास्त चालतं. आणि 'सरळ जा' हे स्पेनमध्ये 'तोदो र्रेक्तो', इकडे 'देरेचो'. शेवटी 'ओ'. 'आ ला देरेचा' म्हणालात तर उजवीकडे. एका स्वरावर रस्ता बदलतो, म्हणून हात दाखवूनच बोला.

आणखी एक. वाटेत असताना "पोर दोंदे वास?" असं विचारतील, म्हणजे 'कुठवर आलास?' त्याला "वोय पोर" असं म्हणून पुढे जागेचं नाव सांगायचं. दोंदे एस्तासपेक्षा हे मला जास्त घरचं वाटतं.

---

लष्करचा विद्यार्थी (ग्वाल्हेर)

'होणार आहे' घालून बघायची युक्ती वहीत लिहून घेतली, ताई. एक शंका. "परीक्षा कुठे आहे?" परीक्षा होते, म्हणून एस. पण सर परीक्षेचा पेपर शोधत असतील आणि तोच शब्द वापरला तर?

---

रावपुऱ्याची

तर एस्ता. "एल एक्सामेन एस एन एल आउला क्वात्रो", परीक्षा चार नंबरच्या वर्गात होणार. "एल एक्सामेन एस्ता एन ला मेसा", पेपर टेबलावर पडलाय. तू जेवणाचंच उदाहरण परीक्षेला लावलंस. परीक्षेत असंच सुचू दे.

---

मांडवीकर

ताई, काय लिहू. दोन दिवस हेच वाचतोय. बायकोला वाचून दाखवलं. 'येतो'चं ऐकून ती म्हणाली, तिकडे गेलात तरी फोन ठेवताना मला 'वोय' म्हणायचं नाही.

रविवारी सकाळी सातला मांडवीत जाऊन उभा राहिलो, गर्दी व्हायच्या आत. मांडवीची गोष्ट अशी की चार दिशांना चार दरवाजे, आणि त्यांच्या मध्ये ती. दिशा शिकायला याहून चांगली जागा मला सुचली नाही. पश्चिमेला तोंड केलं आणि हळू आवाजात म्हणत गेलो. एस्तोय एन मांडवी. समोर लहेरीपुरा: देलांते एस्ता लहेरीपुरा. मागे पाणीगेट: देत्रास एस्ता पाणीगेट. उजवीकडे चांपानेर दरवाजा: आ ला देरेचा एस्ता चांपानेर. डावीकडे गेंडीगेट: आ ला इथ्क्येर्दा एस्ता गेंडीगेट. मग तोंड फिरवून पूर्वेकडे केलं आणि सगळं पुन्हा, आता उलटं. चारही दिशांना तोंड करून झालं. एक चहावाला बघत होता. त्याला सांगितलं की परदेशी कामाला जायचंय, पाठ करतोय. त्याने स्टूल दिलं.

तिथून सुरसागरला आलो. महादेवाची मूर्ती तळ्याच्या मधोमध: एस्ता एन मेद्यो देल लागो. हे ॲपमध्ये मिळालं, बरोबर आहे ना?

पुढे विश्वामित्रीच्या पुलावर अडलो. "नदीत मगरी आहेत" म्हणायचं होतं. जागा आहे म्हणून "कोकोद्रीलोस एस्तान एन एल र्रीओ" असं वाक्य केलं, पण ॲप ते चूक म्हणतं आणि तिथे 'आय' असा शब्द दाखवतं. हा 'आय' कोण? तिथे तर 'आयी' होता आणि एक 'आई'सुद्धा ऐकला होता.

---

रावपुऱ्याची

मूर्तीचं वाक्य बरोबर. मगरींचा प्रश्न तर फक्त बडोदेकरच विचारू शकतो!

'आय' म्हणजे नुसतं अस्तित्व. ऐकणाऱ्याला माहीत नसलेली गोष्ट पहिल्यांदा पुढे ठेवताना आय: "आय कोकोद्रीलोस एन एल र्रीओ", नदीत मगरी आहेत. एकदा ओळख झाली की एस्तार: "लोस कोकोद्रीलोस एस्तान देबाखो देल पुएंते", त्या मगरी पुलाखाली आहेत. मराठीत 'एखादं, काही' घालता येत असेल तर आय, 'तो, ती, ते' घालता येत असेल तर एस्तार. "इथे एखादं औषधांचं दुकान आहे का?": आय ऊना फार्मास्या पोर आकी? "ते औषधांचं दुकान कुठे आहे?": दोंदे एस्ता ला फार्मास्या? सारागोसात फार्माथ्या. आय एकवचनात आणि अनेकवचनात तोच राहतो. एक मगर असो की शंभर.

आणि ते तीन आवाज. 'आय' म्हणजे आहे, एका दमात. 'आई' म्हणजे तिथे, तुझ्याजवळ, जोर 'ई'वर. 'आयी' म्हणजे तिथे, तुझ्या-माझ्या दोघांपासून लांब, जोर 'यी'वर. 'आकी' म्हणजे इथे माझ्याजवळ. आपण 'तिथे' एकच वापरतो, त्यांच्याकडे दोन. फोनवर ड्रायव्हरला "आई" म्हणालात तर तो आहे तिथे. "आयी" म्हणालात तर तिसरीच जागा. या शब्दांत गडबड होईल असं वाटलं तर सरळ दरवाज्याचं नाव घ्या.

जोराचं आणखी एक. एस्ता म्हणताना 'ता'वर जोर द्या. 'एस'वर दिलात तर त्याचा अर्थ 'ही' होतो.

---

मांडवीकर

लिहून घेतलं. बायकोने एका कार्डावर मोठ्या अक्षरांत उतरवलं आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं. त्यातली तीन वाक्यं इथे देतो, ताई, एकदा नजर टाका.

आय दोस पुएर्तास.
एस्तोय एन ला पुएर्ता दे आत्रास.
एस्पेरा आई, या वोय.

---

रावपुऱ्याची

तिन्ही बरोबर. शेवटचं वाचून आनंद झाला: तू आहेस तिथेच थांब, मी आलोच. त्याला पुढे एक 'पोर फावोर' (कृपया) जोडा आणि थ्येर्थोसाठी कानटोपी घेऊन जा.